सातव्या खोलीचं पारायण

"बाई, यात देव किती आहे?" पोतनीसांनी विचारलं.

माझी कादंबरी त्यांच्या टेबलावर पडली होती. नुकतीच बांधणी होऊन आलेली, अजून खळीचा वास येत होता. पोतनीस तिला हात लावत नव्हते. झुरळ मेलंय की नुसतं निपचित आहे हे बघावं, तसं पेनाच्या टोकानं ढकलत होते.

"तुम्हीच छापलीत ना?" मी म्हटलं. "वाचली नव्हती?"

"मुद्रितं तपासली. मुद्रितं तपासताना वेलांट्या बघायच्या असतात, अर्थ बघायचा नसतो. वाचली मी परवा. पुस्तक म्हणून."

"मग?"

"आमच्या हिच्या हाती लागू नये म्हणून इथे ऑफिसात आणून ठेवलीय."

इतका प्रामाणिक अभिप्राय त्या कादंबरीला पुढे कधीच मिळाला नाही.

पोतनीसांचं प्रकाशन सांगलीतलं. स्तोत्रसंग्रह, दहावीची गाइडं, रुखवताच्या वस्तू कशा कराव्यात याची सचित्र पुस्तिका, आणि या सगळ्याचं प्रायश्चित्त म्हणून वर्षाला एक वाङ्मयीन पुस्तक. त्या वर्षीचं प्रायश्चित्त मी होते. हेमलता भोसेकर, वय एक्केचाळीस, मराठीची प्राध्यापिका. कादंबरीचं नाव 'सातवी खोली'.

"धर्मजागर मंडळाची माणसं येऊन गेली," पोतनीस म्हणाले.

"त्यांनी वाचली?"

"वाचायची काय गरज? मागचा मजकूर वाचला. 'दत्तक्षेत्राच्या पार्श्वभूमीवर एका विवाहितेच्या देहभानाचा शोध.' मीच लिहिलाय हो तो. देहभान हा शब्द मला भक्तीतला वाटला."

"त्यांचं म्हणणं काय?"

"एक तर दत्ताचं क्षेत्र काढा, नाहीतर देह काढा. दोन्ही एका पुस्तकात नको."

"आणि तुमचं?"

पोतनीसांनी पंख्याकडे पाहिलं. ते कठीण प्रश्नांना नेहमी पंख्याकडे बघत. "बाई, माझ्या दुकानाला काचेचं शटर आहे. पण मी मार्ग काढलाय. प्रकाशन एखाद्या महाराजांच्या हस्ते करू. एकदा महाराजांनी पुस्तकाला हात लावला की बाकी कोण हात लावतंय? बोलणंही झालंय. त्यांनी कादंबरी मागवून घेतली, वाचली, आणि आपणहून होकार दिला. आपणहून!"

त्यांनी खणातून एक पत्रक काढून माझ्यापुढे सरकवलं. वर पादुका, खाली फोटो. पांढरी दाढी, भगवी शाल, सोनेरी काड्यांचा चष्मा. 'सद्गुरू श्रीरंगनाथ महाराज यांची अमृतवाणी.'

चष्मा नवा होता. बाकी माणूस माझ्या ओळखीचा होता.

"चालेल," मी म्हणाले.

पोतनीसांना वाटलं, बाई मंडळाला घाबरली.

*

निरंजनवाडी हे नाव मी कादंबरीतही तेच ठेवलं होतं. नदीकाठी दत्ताचं देऊळ, घाट, पेढ्यांची दुकानं. दिगंबररावांना, म्हणजे माझ्या यजमानांना, लग्नानंतर कावीळ झाली होती. ती उतरल्यावर सासूबाई नवस बोलल्या, की घरातलं कुणीतरी दर गुरुवारी वाडीला जाईल. 'कुणीतरी' असं त्या दत्ताला म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांचे गुडघे दुखू लागले आणि दिगंबररावांना पाटबंधारे खात्यातून गुरुवारी सुटता येईना. उरले मी. माझे गुरुवारी तास नसत, हे सासूबाईंना दत्तानंच सुचवलं असणार.

तर मला घरातून देवाकडे पाठवण्यात आलं. मी गेले.

दुपारचा नैवेद्य झाला की पालखीपर्यंत मधला वेळ रिकामा असतो. लांबून आलेली मंडळी भक्तनिवासात पडतात. खोली फक्त कुटुंबाला मिळते, एकट्यादुकट्याला नाही. एका गुरुवारी उन्हात चक्कर आली म्हणून मी भक्तनिवासाच्या पायरीवर बसले होते, आणि पालखीपुढे पेटी वाजवणारे एक गृहस्थ मला पाणी देत होते. व्यवस्थापकांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं, 'सहकुटुंब' असं लिहिलं आणि सात नंबरची किल्ली दिली. देवाच्या दारी खोटं बोलू नये म्हणतात. आम्ही बोललो नाही. आम्हाला कुणी विचारलंच नाही.

दारामागे पाटी होती: 'खोलीचे पावित्र्य राखावे. ओले कपडे पलंगावर टाकू नयेत.' त्यातली दुसरी सूचना आम्ही शेवटपर्यंत पाळली.

पेटीवाल्याचं नाव श्रीरंग बावडेकर. जयसिंगपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. अविवाहित. झोपण्याआधी चष्मा काढून स्वतःच्या चपलेत ठेवायचा, कारण एकदा खाली ठेवलेला चष्मा पायाखाली आला होता. "चपलेवर माणूस सहसा अंधारात पाय देत नाही," म्हणायचा. माणसाचा अनुभव असा पदार्थविज्ञानासारखा सांगायची त्याला खोड होती. शेजारच्या खोलीतून कुणीतरी गुरुचरित्र वाचत असायचं आणि आम्ही हसू दाबायचो. मला त्या खोलीत देव भेटला नाही. माणूस भेटला. तोवर मला तोही कुठे भेटला नव्हता.

दोनेक वर्षं अशी गेली. मग एका गुरुवारी तो आला नाही. पुजाऱ्यांनी माझ्या ओंजळीत तीर्थ घातलं आणि म्हणाले, "बावडेकर सर गिरनारला गेले की! वैराग्य आलं त्यांना." माणूस ज्याचा त्याग करून विरक्त होतो ती वस्तू म्हणजे आपण, हे समजायला मला परतीची एस.टी. पुरली.

मी रडलेबिडले नाही. तो परत यावा असंही वाटेना. फक्त एक गोष्ट कुरतडत राहिली. जी गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला एक गिरनारहून परतून, नाव बदलून, दाढी वाढवून मठात बसलाय, ती गोष्ट घडली कशावरून? कधीकधी बसमध्ये मला वाटायचं की मी खरंच दर गुरुवारी अभिषेकाच्या रांगेतच उभी होते.

म्हणून मी कादंबरी लिहिली. त्यात रूपक नव्हतं, प्रतीक नव्हतं, कुंडलिनी नव्हती. एक बाई होती, एक बाप्या होता, गळका नळ होता. मला बक्षीस नको होतं. ज्याला ठाऊक होतं त्यानं वाचून एकदा 'हो' म्हणावं, कानात म्हटलं तरी चाललं असतं, एवढंच हवं होतं.

आणि आता तोच आपणहून येणार होता.

*

घरी दिगंबररावांना सांगितलं. ते देवघरात समईची वात सारखी करत होते.

"श्रीरंगनाथ महाराज? आपल्या पुस्तकाला?" त्यांनी वात सोडून वळून पाहिलं. "आईच्या नवसाचं फळ गं हे. असती तर किती आनंद झाला असता तिला."

"तुम्ही वाचणार आहात ना?"

"प्रकाशन होऊ दे की. उष्टं कशाला करायचं?" मग पुन्हा वातीकडे वळून, "विषय काय म्हणालीस?"

"निरंजनवाडी."

"वा," ते म्हणाले. "दर गुरुवारी जायचीस. वाया नाही गेलं."

मी वाडीहून आणलेला पेढा ते जेवणाआधी खायचे. चप्पल काढून, पूर्वेला तोंड करून, डोळे मिटून. माझ्या नवऱ्यात दोष काढायला जागा नव्हती. तीच अडचण होती.

*

कार्यक्रम महाराजांच्या मठातल्या सभागृहात होता. आमच्या वाङ्मयीन कार्यक्रमांना माणसं मोजून येतात आणि त्यातली निम्मी चहा कधी, हे विचारतात. इथे दारात चपलांचा डोंगर होता. पुढच्या रांगेत धर्मजागर मंडळाचे अध्यक्ष बापू शिरगुप्पे स्वतः बसले होते, हातात हार घेऊन. शटर फोडायला ज्या मुठी येणार होत्या त्यांत आता झेंडू होता.

"बघा," पोतनीस माझ्या कानाशी म्हणाले. "आत जा आता. महाराजांनी बोलावलंय. वाकून नमस्कार करा हो."

आतल्या खोलीत तो एकटा होता. पाटावर बसलेला. समोर माझी कादंबरी, लाल वस्त्रात गुंडाळलेली, वर तुळशीचं पान.

मी वाकले नाही. "चष्मा बदललास," म्हणाले.

"या, माई."

माई. मी दार पुढे लोटलं आणि सतरंजीवर बसले.

"वाचलीस?"

"दोन वेळा."

"आणि?"

"नळाचं वर्णन फार जिवंत आहे."

"श्रीरंग."

"तो गेला, माई. संन्यास म्हणजे पूर्वाश्रमीचा मृत्यूच असतो."

"असं? मग त्याचं तेरावं जेवायला मला का नाही बोलावलंस? बाकी कुणाला नाही तरी मला हक्क होता."

तो हसला. हसणं तेच होतं, दाढीच्या आत अडकल्यामुळे नीट बाहेर येत नव्हतं एवढंच. क्षणभर मला वाटलं, हा आता म्हणेल.

"बाहेर चारशे माणसं आहेत," तो म्हणाला. "त्यांतली निम्मी माझ्या शब्दावर दारू सोडून बसलीयत. बायकांना मारणं सोडून बसलीयत. मी घसरलो की सगळे घसरतील."

"मी तुला घसर म्हणत नाही. घडलं एवढंच म्हण. मला. या खोलीत."

तो वस्त्राची गाठ चाचपत राहिला. "मी बोलणार आहे आज. कादंबरी हे रूपक आहे असं सांगणार आहे. जीव आणि शिव. पुस्तक वाचेल, प्रकाशक वाचेल, तुमचा संसार वाचेल."

"आणि लेखिकाच म्हणाली, रूपक नाही, तर?"

"लेखकाला आपल्या कृतीचा अर्थ ठाऊक असतोच असं नाही." मग अगदी मऊपणे, "हे तुम्हीच शिकवता ना वर्गात?"

शिकवत होते. एम.ए.ला, दर सोमवारी आणि बुधवारी. संहिता एकदा लिहून झाली की लेखक मेला. श्रीरंगला मीच ते कधीतरी सात नंबरच्या खोलीत सांगितलं होतं, उघड्या पाठीवर बोटानं लिहून. दोन मेलेली माणसं समोरासमोर बसली होती, आणि त्यातलं एकच मरायला तयार होतं.

बाहेर शंख वाजला.

*

आधी डॉ. इंगवले बोलले. ते समीक्षक. 'समकालीन कादंबरीतील लैंगिकता आणि अध्यात्म' हा त्यांचा विषय, आणि तो कुठल्याही कादंबरीला बसतो. त्यांच्या मते माझ्या नायिकेचा पदर हा मायेचा पडदा होता. तो ढळतो त्या प्रकरणाला त्यांनी 'आवरणभंग' म्हटलं. माझी आतली वस्त्रं त्यांनी उपनिषदात नेऊन वाळत घातली. सभागृहातल्या बायका माना डोलावत होत्या. मी टेबलावरचं पाणी प्यायले.

मग महाराज उठले. त्यांनी लाल वस्त्र सोडलं, पुस्तक कपाळाला लावलं, आणि सभागृहाला सोपं करून सांगितलं.

"सातवी खोली म्हणजे कोणती खोली? सांगा बरं. शरीरात चक्रं किती?"

"सात!" सभागृह म्हणालं.

"मग सातवी खोली कोणती?"

"सहस्रार!"

"खोलीची किल्ली कोण देतो? व्यवस्थापक. व्यवस्थापक म्हणजे सद्गुरू. तो काय विचारतो? काहीच नाही. सद्गुरू पात्रता विचारत नाही, नुसती किल्ली देतो. आणि खोलीत नळ गळतोय. थेंब, थेंब, थेंब. हा अनाहत नाद आहे."

"वा!" पोतनीस. हे त्यांनाही नवीन होतं.

"आणि तो जो पुरुष आहे," महाराज म्हणाले, "त्याला नाव नाही. लेखिकेनं त्याला नाव दिलेलं नाही. देवाला कुठे नाव असतं? तो झोपण्यापूर्वी चष्मा काढून चपलेत ठेवतो. केवढं दर्शन आहे हे! दृष्टी चरणांशी ठेवायची. बघणं सोडायचं. तेव्हा भेट होते."

नाव मी त्याच्यासाठीच दिलं नव्हतं. त्याचा मठ, त्याची आई, त्याची लाज सांभाळावी म्हणून. त्या मोकळ्या जागेत त्यानं आता देव बसवला होता. चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिसऱ्या रांगेत दिगंबररावांनी रुमाल काढून डोळे टिपले.

मग निवेदिका म्हणाली, "आणि आता लेखिकेचं मनोगत."

मी माइकपाशी गेले. मनोगत लिहून आणलं होतं, आभारांसकट. ते पर्समध्येच राहिलं.

"महाराजांनी सांगितलेला अर्थ सुंदर आहे," मी म्हटलं. "पण तो चुकीचा आहे."

पोतनीसांनी पंखा शोधला. मठात पंखे नव्हते.

"सातवी खोली म्हणजे सहस्रार नाही. निरंजनवाडीच्या भक्तनिवासात पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून जी खोली आहे, ती सातवी खोली. नळ गळायचा कारण वायसर गेला होता. कादंबरीतली बाई मी आहे. आणि तो पुरुष देव नाही. तो..." मी वळले आणि हात केला. "हे आहेत. हे तिथे होते. माझ्याबरोबर. दर गुरुवारी."

मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आता शटर फुटेल, हार फाटेल, नवरा उठून जाईल, जे व्हायचं ते होईल, पण ते घडलं होतं म्हणून होईल.

पहिल्या रांगेतून एक हुंदका आला. एक म्हातारी बाई, नऊवारीतली, हात जोडून उभी राहिली.

"माउली!" ती म्हणाली.

"नाही, ऐका..."

"साक्षात भेट झाली हो पोरीला! साक्षात!"

आणि सभागृह फुटलं. मला आधी वाटलं, दंगा झाला. तो जयघोष होता. बापू शिरगुप्पे हार उंच धरून ओरडत होते, "बोला, श्री गुरुदेव दत्त!" डॉ. इंगवल्यांनी दुसरा माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "विराणीची परंपरा! सातशे वर्षांची विराणीची परंपरा आज आपल्यासमोर बोलते आहे!"

"अहो, मी शरीराबद्दल बोलतेय," मी म्हटलं.

"वा!"

"शरीराबद्दलच! या माणसाच्या!"

"वा, वा!"

मी जितकं ओरडत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. आमची भाषाच अशी. तिच्यात कुणी बाई गुरूचं नाव घेऊन 'मी त्याची झाले' म्हणाली, की लोक चौकशी करत नाहीत, हात जोडतात. खोटं बोलले असते तर कदाचित पकडले गेले असते.

मी श्रीरंगकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता. मग त्यानं डोळे उघडले, चष्मा काढला, सावकाश घडी घातली, आणि सगळ्यांदेखत वाकून आसनाखालच्या आपल्या चपलेत ठेवला.

चारशे माणसं उभी राहिली.

ती त्याची कबुली होती, की प्रवचनाचा शेवट होता, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याला एक पैचीही तोशीस पडली नाही, एवढं मी पाहिलं. मला जे कानात हवं होतं ते त्यानं चव्हाट्यावर दिलं, आणि अशा रीतीनं दिलं की ते कुणालाच मिळालं नाही. टाळ्यांच्या वर त्याचा आवाज आला. "पाहिलंत? माई आणि मी यात द्वैत उरलेलं नाही."

खाली उतरले तेव्हा बायका पाया पडत होत्या. बापू शिरगुप्पेही वाकले. "चुकलं आमचं, माई," म्हणाले. "आम्हाला वाटलं पुस्तक घाण आहे."

*

परतताना दिगंबरराव गाडी चालवत होते. हार मागच्या सीटवर होता. मला वाटलं, हेही भारावलेत. त्यांनी डोळे टिपलेले मी पाहिले होते.

अंकली पुलावर त्यांनी गाडी हळू केली.

"खोलीला खिडकी होती?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"होती."

"नदी दिसायची?"

"दिसायची."

"हं." त्यांनी गिअर बदलला. "आईला सांगायचीस, अभिषेकाला रांग होती म्हणून उशीर झाला."

"हो."

"आईनं मग त्या रांगेसाठी वर्गणी दिली होती. सावलीला मांडव घालायला." पुढच्या ट्रकमागे गाडी घेत म्हणाले, "मांडव झाला का?"

"झाला."

"बरं."

चारशे माणसांत एकाला कळलं होतं. मी ज्याच्याकडून 'हो' मागत फिरले तो चष्म्यासकट सुटला, आणि जो न मागता 'हो' म्हणत होता तो माझ्याशेजारी, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसला होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी काच वर केली. वारा लागत होता म्हणाले.

*

पुढचं सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना ठाऊक आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून मुखपृष्ठ भगवं झालं. 'कादंबरी' हा शब्द पोतनीसांनी आधी लहान टायपात नेला, मग काढून टाकला. मठानं दत्तजयंतीच्या आधी सात दिवस पारायण सुरू केलं, रोज एक प्रकरण, वर निरूपण, शेवटी पेढे. चौथ्या प्रकरणाच्या दिवशी सर्वांत जास्त गर्दी असते. त्या प्रकरणात आम्ही दोघं पहिल्यांदा दार लावतो. मूल होत नसलेल्या बायका ते प्रकरण एकवीस गुरुवार वाचतात, आणि गुण येतो म्हणतात. त्यात तथ्य असेल, पण नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं तर.

श्रीरंगनाथ महाराज तीन वर्षांपूर्वी समाधिस्थ झाले. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तेराव्याचं जेवण मिळालं. या खेपेला बोलावणं होतं.

मी पुन्हा काही लिहिलं नाही म्हणतात ते खरं नाही. विनोदी लेख लिहिते, दिवाळी अंकांसाठी. लोक हसतात. तेवढ्या एका बाबतीत लोक अजून शब्दांचा सरळ अर्थ घेतात.

आणि दिगंबरराव. त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळी उठून पाहिलं तर त्यांनी अंघोळ करून, कद नेसून, माझी प्रत लाल वस्त्रात बांधली होती आणि देवघरात दत्ताच्या तसबिरीपुढे पाटावर ठेवली होती. वर हळद, कुंकू, मोगऱ्याची दोन फुलं. त्यांनी ती तेव्हा वाचली नव्हती. आजही वाचलेली नाही. दर गुरुवारी जुनी फुलं काढतात, नवी वाहतात, डोळे मिटून, पूर्वेला तोंड करून, मिनिटभर उभे राहतात. मग दुधासाठी पातेलं घेऊन बाहेर जातात. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. भांडण झालं असतं तर आमचा संसार कदाचित सुरू झाला असता.

मागच्या महिन्यात एका विद्यापीठातून मुलीचा फोन आला. प्रबंध लिहितेय, पहिली आवृत्ती हवी होती, मूळ मुखपृष्ठाची, जिच्यावर अजून 'कादंबरी' छापलेलं आहे ती. बाजारात नाही, मठात नाही, पोतनीसांचा मुलगा म्हणाला आमच्याकडेही नाही. जगात एकच उरली असावी.

मी देवघरात गेले आणि गाठीला हात घातला.

दिगंबरराव मागे सोप्यावर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. वर बघितलंही नाही.

"शिवू नकोस," ते म्हणाले. "सोवळ्यात आहे."